नुसता रंग

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही, की स्वतःच्या डोळ्यांवर?"

शार्दूलनं फोटो टेबलावर आपटला. चहाचा कप हिंदकळला.

हुपरीकरबाईंनी आधी कप सावरला, मग फोटो पाहिला. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्यागार कड्या, एकीशेजारी एक.

शार्दूल देवकुळे हुशार होता, आणि ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पेशीभोवती लिपिडचा स्निग्ध पडदा असतो. त्यात एक एन्झाइम जाऊन बसतं, हे त्याला सिद्ध करायचं होतं. एन्झाइम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यानं त्याला चमकणारा हिरवा रंग जोडला. मग ते तशाच लिपिडचे बारीक फुगे असलेल्या पाण्यात सोडलं, आणि मायक्रोस्कोपखाली प्रत्येक फुग्याभोवती हिरवी कडी उजळली. दोन वर्षांची मेहनत फळाला आली. लेख लिहून झाला होता, मार्गदर्शक म्हणून बाईंची सही तेवढी अडली होती. दुसरी एक प्रयोगशाळा याच मागावर होती, आणि इथं बाई आठवडाभर नुसतं "अजून नाही" म्हणत होत्या. रागानं त्याचं डोकं भणभणत होतं.

"यात हिरवं काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"एन्झाइम."

"हिरवं काय दिसतंय, विचारलं मी."

"...रंग. पण तो एन्झाइमलाच जोडलाय ना! मी स्वतः जोडलाय."

"नुसता रंग टाकून पाहिलास?"

"नुसता? त्यात बघायचं काय, बाई? रिकाम्या एसटीत कुणी तिकिटं फाडतं का?"

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. शार्दूलला आणखी चेव आला.

"खुसपटच काढायचं असेल तर तसं सांगा. तुम्हाला एवढ्या वर्षांत दिसलं नाही ते मला दिसलं, हेच सलतंय तुम्हाला."

हे बोलायला नको होतं, पण जीभ एकदा सुटली की सुटली.



बाई उठल्या. फ्रीजमधून शार्दूलच्याच कप्प्यातली एक नळी काढली, फुग्यांच्या पाण्यात तिच्यातला थेंब सोडला. थोडं थांबून काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली.

"बघ."

शार्दूलनं डोळा लावला. हिरव्यागार कड्या. फोटोतल्यासारख्याच, तंतोतंत.

"आता तरी पटलं?" तो ओरडलाच. "हेच तर घसा फोडून सांगतोय! बसलंय की नाही एन्झाइम पडद्यात?"

"त्यात एन्झाइम नाही."

"...म्हणजे?"

"नुसता रंग आहे."

त्यानं पुन्हा डोळा लावला. कड्या निर्लज्जासारख्या चमकत होत्या. रंगालाच स्निग्ध जागेची ओढ होती. एन्झाइम सोबत असो वा नसो, तो तिथंच जाऊन बसणार होता.

"म्हणजे एन्झाइम पडद्यात नसतंच?"

"असं मी कुठं म्हटलं?"

"मग असतं?"

"ठाऊक नाही."

"मग दोन वर्षं मी पाहिलं काय?"

बाईंनी काचपट्टी काढून बाजूला ठेवली.

त्या शांतपणानं तो पेटला. "तुम्हाला सगळं ठाऊक होतं! मला मुद्दाम तोंडघशी पाडलंत."

"शंका होती. कळलं ते आत्ता, तुझ्याबरोबरच."

बाईंचा राग, रंगाचा राग, आणि या सगळ्यांहून जास्त स्वतःचा राग त्याच्या हातात उतरला. त्यानं टेबलावरची ती नळी उचलली आणि फरशीवर आपटायला हात वर नेला.

बाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. तो सोडवू लागला, पण त्यांनी सोडलं नाही.

"ती फोडू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझ्या एवढ्या नळ्यांत खरं बोललेली ती एकटीच."