अर्धं पदक

"जोडलेला भाग काढू? का म्हणून काढू?"

जिनेव्राने पदक टेबलावर ठेवलं. आपटलंच, म्हणायला हरकत नाही.

समोर सिस्टर वेरिदियाना बसल्या होत्या. फ्लॉरेन्समधल्या एका जुन्या अनाथालयाचं आता संग्रहालय झालं होतं, आणि तिथल्या वस्तू दुरुस्त करण्यात सिस्टरांची पन्नास वर्षं गेली होती. जिनेव्रा त्यांची शिष्या. हात कमालीचा कसबी, आणि ते तिला पक्कं ठाऊक.

दोनशे वर्षांपूर्वी पोटचं पोर इथल्या दारात ठेवताना काही आया एक पदक मोडत. अर्धं बाळाच्या गळ्यात, अर्धं स्वतःजवळ. कधी परत येता आलंच, तर दोन तुकडे जुळवायचे आणि आपलं पोर मागायचं.

अशी अर्धी पदकं कपाटभर उरली होती.

त्यातल्या एकाला जिनेव्राने हरवलेला अर्धा भाग नव्याने घडवून जोडला होता. उद्या प्रदर्शन. हे पदक मधोमध मांडायचं आणि जिनेव्राची नोकरी कायम करायची, असं संचालक बोलून बसले होते.

"सांधा दिसतो कुठे? भिंग घ्या आणि दाखवा."

"नाही दिसत."

"मग?"

सिस्टरांनी भिंगाला हातही लावला नाही.

"मला ते तुटकं बघवत नव्हतं, सिस्टर!" जिनेव्राचा आवाज चढला. "माझं आठ महिन्यांचं पोर रोज पाळणाघरात सोडते आणि कोपऱ्यावरून दोनदा मागे फिरते, खिडकीतून डोकवायला. तिथल्या बाया हसतात मला. हसू देत! आणि हे इथे दोनशे वर्षं अर्धंच्या अर्धं..."

"हं."

"इतक्या वर्षांत आलं कोणी? आता कोण येणार आहे? मी नाही काढणार. हवं तर मलाच घरी पाठवा."

सिस्टरांनी पदक डाव्या तळव्यावर घेतलं. उजव्या हाताची चिमूट केली, जणू तिच्यात काहीतरी धरलंय. ती रिकामी चिमूट पदकाच्या गोल, गुळगुळीत कडेवरून हळूहळू फिरवली. एकदा... पुन्हा एकदा.

चिमूट कुठेच थांबली नाही.

"पोरी," त्या म्हणाल्या, "ती आली, तर तिचा तुकडा कुठे लावेल?"