तानूकाकूचं घर ऐकत होतं

“मग गावात एकही म्हातारं माणूस उदास नाही म्हणतेस?”

“एकही नाही.” हेमलतानं कागद आवडाईपुढं ठेवले.

आवडाई म्हणजे ओढ्यापलीकडच्या झोपडीतली बैरागीण. हेमलता शहरात मनाचे आजार शिकून आलेली. रोज हिच्या पायाशी बसायची, पण मान ताठ ती ताठच. घरोघर जाऊन तिनं म्हाताऱ्यांना प्रश्न दिले होते. आयुष्य रिकामं वाटतं का? जगणं नकोसं झालंय का? ज्यानं त्यानं आपल्या हातानं खूण करायची. सगळ्यांनी ‘नाही’वर केली.

तानूकाकूनंसुद्धा. नवरा गेल्यापासून तिची चूल धड पेटत नव्हती, हे आख्ख्या आळीला दिसत होतं. पण हेमलतानं कागद बघितला आणि काकूच्या लेकाला, दिगंबरला, खुशाल जा म्हणून सांगून मोकळी झाली. तो संध्याकाळच्या एसटीनं सुरतेला निघाला होता. मागं म्हातारी एकटी.

“कुठं बसून विचारलंस?”

“कुठं म्हणजे... तिच्या घरात. देवापुढं.”

आवडाई उठली.

दिवेलागण झाली होती. तानूकाकूनं दोघींना गूळपाणी दिलं, मजेत आहे म्हणून हसली. ती बोलायची थांबली की वर आढं कडकन वाजायचं. वारा तर नव्हता.

आवडाईनं तिचा हात धरला. उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं, थेट ओढ्याच्या वाळूत नेलं.

“विचार आता.”

“तेच प्रश्न?”

“तेच.”

हेमलतानं विचारलं. तानूकाकू मागं वळून घराकडंच बघत राहिली.

“इथलं त्याला ऐकू जात नाही ना?”

“कुणाला, काकू?”

“घराला...” ती कुजबुजली. “आत वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते. लेकराबाळांचं घर आहे, बाई. तिथं मरणाचं नाव कसं काढू?”

मग ती एकेका प्रश्नाला हो म्हणत गेली. शेवटच्याला तिनं परसातल्या विहिरीकडं बोट केलं.

“आधी ह्यांच्या आवाजात बोलवायची. आता माझ्याच आवाजात बोलावते...”

हेमलतानं दिगंबरला फोन लावला आणि कधी नव्हे ती चुकले म्हणाली. एसटी अजून फाट्यावरच होती. तो उतरून पळत आला, आईला बिलगून वाळूत बसला. उजाडलं की डॉक्टरकडं न्यायचं ठरलं. घरात चल, असं मात्र तो म्हणाला नाही.

दोघी झोपडीत परतल्या. हेमलता आतल्या मेढीला टेकली.

“उद्या सगळ्यांना बाहेर आणून विचारते.”

“विचार.” आवडाईनं कंदील लावला. “तुझं कसं आहे गं?”

“माझं? माझं काय... बरं आहे.”

वर कुठंतरी कडकन वाजलं.

आवडाई कंदील घेऊन अंधारात उतरली.

“बाहेर ये,” ती म्हणाली. “मग सांग.”