मुदपाकखान्याचा आचारी आणि विणकराची चूल

फार फार मागे, इतकं मागे की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही, एका राजाच्या पदरी दाजीबा नावाचा आचारी होता. राजवाड्याचं स्वयंपाकघर, म्हणजे मुदपाकखाना, त्याच्या ताब्यात. हाताखाली चाळीस माणसं. कुणाचं काम फक्त चिरण्याचं, कुणाचं फक्त वाटण्याचं, कुणाचं फक्त चुली फुंकण्याचं. एक म्हातारा तर नुसते वेलदोडे सोलायला होता. दाजीबा मधोमध चौरंगावर बसून चव घेई आणि मान हलवी. मान उभी हलली तर पदार्थ राजाकडे जाई, आडवी हलली तर गोठ्यात. राजाच्या गाई त्यामुळे फार सुखात होत्या.

त्या वर्षी राजकन्येचं लग्न ठरलं. तिचा शालू विणायला नागोजी विणकराकडे दिला होता. पण नागोजी महिनाभर तापाने आजारी पडला आणि काम मागे राहिलं. मुहूर्ताला दहा दिवस उरले तेव्हा राजाचा कारभारी चौकशीला आला. नागोजीने त्याला खरं ते सांगितलं. अजून नऊ हात विणायचे होते. त्याची बायको सगुणा दिवसभर त्याच्या शेजारी मागावर बसली तर रोजचा एक हात होईल, शेवटच्या दिवशी गोंडे बांधता येतील. पण सगुणाचा अर्धा दिवस चुलीपाशी जातो, आणि घरातली तीन पोरं काही वारा खाऊन राहत नाहीत.

कारभाऱ्याने हे राजाच्या कानावर घातलं. राजा मनाने मोठा होता आणि विचाराने जरा घाईचा. त्याने तिथल्या तिथे हुकूम केला की दहा दिवस विणकराच्या घरी दाजीबाने स्वयंपाक करावा.

दाजीबाला आधी हे अपमानाचं वाटलं, मग गमतीचं. पाच माणसांचा स्वयंपाक म्हणजे त्याच्या लेखी मांजराला दूध घालण्याइतकंच काम. मदतीला कुणी हवं का, असं कारभाऱ्याने विचारलं तेव्हा तो नुसता हसला. पांढरंशुभ्र उपरणं खांद्यावर टाकून आणि केशराची डबी कनवटीला लावून तो एकटाच निघाला.

सगुणाने त्याला दारात पाणी दिलं आणि घराची रीत सांगायला सुरुवात केली. मूग कुठे आहेत, पाणी कोण भरतं, धाकटीला भूक कधी लागते. दाजीबाने हात वर करून तिला थांबवलं. त्याने सांगितलं की मी तीन राजांच्या पंगती वाढल्या आहेत, तू निर्धास्त मागावर बस. सगुणा उठून मागावर बसली.

पहिल्या दिवशी दाजीबाने सोळा पदार्थ ठरवले. मग त्याने स्वयंपाकघर पाहिलं. चूल एक, पातेली दोन, तवा एक. चिरायला कुणी नाही, वाटायला कुणी नाही. त्याने सवयीने "वेलदोडे" असं म्हणून हात पुढे केला आणि हात तसाच रिकामा राहिला. चूल फुंकता फुंकता त्याच्या मिशा काळ्या झाल्या. त्या पिकलेल्या होत्या, त्यामुळे तेवढा एक फायदा झाला.

सूर्य कलला तरी ताट वाढून झालं नव्हतं. नऊ वर्षांची मैना, सहा वर्षांचा हरबा आणि तीन वर्षांची चिमी दाराशी ओळीने बसून होती. हरबाने खिशातले कच्चे हरभरे संपवले. दाजीबाने काकडीचं एक सुंदर कमळ कोरलं होतं, त्याच्या चार पाकळ्या चिमीने खाल्ल्या. शेवटी सोळा पदार्थांची पंगत बसली. सगळे पोटभर, पोटाच्या वर जेवले. बासुंदी तर हरबाच्या भुवईपर्यंत पोचली. आणि जेवण झाल्यावर नागोजी मागावर बसला तो आडवा धागा नेणारा धोटा हातात धरूनच झोपी गेला. सगुणाही पेंगली. त्या दिवशी अर्धा हातच काम झालं.

दुसऱ्या दिवशी दाजीबाने वेगळा विचार केला. राजवाड्यात तो सकाळी राजाला विचारी की आज काय आवडेल. तसंच त्याने इथे पोरांना विचारलं. ही फार मोठी चूक होती, पण ती त्याला दुपारी कळली. हरबाला दूधभात हवा होता, पण त्यात दूध दिसता कामा नये. मैनाला थालीपीठ हवं होतं. चिमीला कालचंच हवं होतं, पण पिवळं नको. कालचं कोणतं, हे तिला सांगता येईना. दाजीबाने पाच माणसांसाठी पाच वेगळे पदार्थ केले आणि कपाळाचा घाम पुसून सगळ्यांपुढे ठेवले. हरबाने मैनाचं थालीपीठ पाहिलं आणि त्याला तेच हवं झालं. मैनाला तो बिनदुधाचा दूधभात बघून हसू आवरेना. चिमीने सगळ्या ताटांवरून नजर फिरवली आणि गूळ मागितला.

घरातली सगळी भांडी खरकटी झाली होती. घागरी रिकाम्या होत्या. सगुणाला मागावरून उठून विहिरीवर जावं लागलं, आणि नागोजी भांडी घासायला बसला. माग तिसऱ्या प्रहरापर्यंत मुका राहिला.

तिसऱ्या दिवशी दाजीबाने इरेला पडून पुरणपोळ्या करायला घेतल्या. पुरण शिजेना, कारण डाळ भिजवलीच नव्हती. ते शिजलं तेव्हा पोरं शेजारच्या घरी जेवून आली होती. संध्याकाळी नागोजीने विणलेलं कापड हाताने मोजलं. तीन दिवसांत दीड हात भरलं. तो मुळात अबोल माणूस. त्याने कापडावरून हात फिरवला, घसा साफ केला आणि म्हणाला, "आचारीबुवा, तुमच्यासारखं जेवण मी जन्मात जेवलो नाही. पण पदर विणायचा असतो शेवटी. असंच चाललं तर राजकन्येला बिनपदराची बोहल्यावर उभी करावी लागेल."

दाजीबाने कल्पना करून पाहिली. वऱ्हाडी जमलेले, वाजंत्री वाजतायत, आणि राजकन्या बिनपदराची. राजा विचारतोय, हे कुणामुळे झालं. राजवाड्यातून चार माणसं मागवावीत, असं दाजीबाच्या मनात आलं. पण ती माणसं सगळ्या मुदपाकखान्याला सांगणार की दाजीबाला पाच माणसांचा स्वयंपाक जमला नाही. तेही नको वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी तो उंबऱ्यावर बसून राहिला. उपरण्याचा रंग आता कोणता होता ते सांगणं अवघड होतं. आतून चुलीचा आवाज आला म्हणून त्याने वळून पाहिलं. मैनाने चूल पेटवली होती आणि ती पातेल्यात मूग-तांदूळ टाकत होती. तिने मूग आदल्या संध्याकाळीच भिजत घातले होते, कुणालाही न सांगता.

"तुला हे कुणी शिकवलं?" दाजीबाने विचारलं.

"आईने," मैना म्हणाली. "ती तुम्हालाही सांगणार होती, आचारीबाबा. तुम्ही ऐकूनच घेतलं नाही."

तीन राजांच्या पंगती वाढलेला तो माणूस उठला आणि मागापाशी जाऊन उभा राहिला. सगुणाला त्याने विचारलं की तुमच्या घराची रीत काय ती मला आता सांगशील का. सगुणाने त्याला टोमणा मारला नाही. हातातलं काम न थांबवता ती सांगत गेली. कोणत्या वारी काय शिजायचं ते तिच्या घरात ठरलेलं होतं. खिचडीचा वार, पिठलं-भाकरीचा वार, उसळीचा वार, डाळ-भाजी एकत्र शिजवण्याचा वार. त्यामुळे सकाळी उठून आज काय करू, हा विचार करण्यात डोकं शिणत नसे. भिजायचं ते संध्याकाळी भिजे. उरलेला भात सकाळी फोडणीला जाई, उरलेली भाकरी ताकात. जेवायला काय हवं, असं ती कुणाला विचारत नसे. ज्याला आवडणार नाही त्याने गूळ-भाकरी घ्यावी, पण आपल्या हाताने उठून घ्यावी. हरबा रोज तांब्यातांब्याने छोटी कळशी भरी. चिमी पाट मांडी. त्यातला एखादा उलटा असे, पण ते काम तिचं होतं. जेवल्यावर ज्याचं ताट त्याने उचलायचं, नागोजीनेसुद्धा.

"एवढंच?" दाजीबाने विचारलं.

"एवढंच," सगुणा म्हणाली. "पण रोज."

दाजीबाला मनातून ते फार साधं वाटलं. पण खिचडी शिजली होती आणि पोरं पाटावर येऊन बसली होती, म्हणून त्याने वाढली. सगळे जेवले आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत माग पुन्हा खटखट वाजू लागला. दाजीबा तो आवाज ऐकत उभा राहिला. गेल्या तीन दिवसांत या वेळी त्याने तो ऐकलाच नव्हता.

सवय मात्र लगेच सुटली नाही. पाचव्या दिवशी पिठल्याचा वार होता. आपण राजाचे आचारी आणि नुसतं पिठलं वाढायचं, हे त्याला सहन होईना. त्याने कुणाचं लक्ष नाही असं पाहून पिठल्यात केशराच्या चार काड्या टाकल्या. हरबाने पहिला घास घेतला, थांबला आणि आईकडे पाहून म्हणाला, "आई, पिठल्याला अत्तर लागलंय." मग तिन्ही पोरं एकामागून एक उठली आणि आपापल्या हाताने गूळ-भाकरी घेऊन आली. ते केशराचं पिठलं दाजीबाला दोन वेळा एकट्याला खावं लागलं. त्यानंतर ती डबी त्याने उघडली नाही.

सहाव्या दिवसापासून त्याच्यापुढे वेगळीच अडचण उभी राहिली. स्वयंपाक वेळेवर होऊ लागला आणि त्याचे हात रिकामे राहू लागले. रिकाम्या हातांची त्याला सवय नव्हती. तो मागापाशी येऊन बसे. रेशीम गुंडाळलेल्या कांड्या संपल्या की सगुणाला उठून त्या भराव्या लागत आणि तेवढा वेळ माग थांबे. दाजीबाने कांड्या भरून पाहू का, असं विचारलं. पहिल्या दोन कांड्यांचा त्याने असा गुंता केला की तो सोडवायला मैनाला बसावं लागलं. तिसरी बरी झाली. आठव्या दिवशी तो चुलीवर उसळ ठेवून कांड्या भरत होता, आणि कडेला चिमी त्याच्या उपरण्यावर झोपली होती. रोज एक हात व्हायचा तिथे सातव्या दिवसापासून दीड हात होऊ लागला.

नवव्या दिवशी पदर पुरा झाला. दहाव्या दिवशी सगळं घर गोंडे बांधायला बसलं, दाजीबासकट. त्या दिवशी वार कोणता का असेना, डाळ-भात झाला आणि तो सगळ्यांनी ताटं मांडीवर घेऊन खाल्ला. संध्याकाळी शालू घेऊन ते राजवाड्यावर गेले.

राणीने शालू उलगडला. राजकन्येने पदर खांद्यावर घेतला आणि तिचा चेहरा उजळला. राजा खूश झाला. त्याने नागोजी आणि सगुणाला मानाचं वस्त्र दिलं आणि मग सहज विचारलं, "आमच्या आचाऱ्याने तुम्हाला जेवू कसं घातलं?"

दाजीबा खाली मान घालून उभा राहिला. त्याला आपले पहिले तीन दिवस आठवले. या बाईने तोंड उघडलं तर आपली तीस वर्षांची अब्रू गेली, हे त्याला ठाऊक होतं.

सगुणाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. "महाराज," ती म्हणाली, "पहिले तीन दिवस त्यांनी आम्हाला मेजवानी दिली. पुढचे सात दिवस जेवण दिलं. शालू झाला तो त्या सात दिवसांत."

राजाला यातलं फारसं कळलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं म्हणून त्याने मान डोलावली. दाजीबाला मात्र सगळं कळलं. त्याने सगुणाला वाकून नमस्कार केला. राजवाड्यात हे असं आधी कुणी पाहिलं नव्हतं.

मग तो घरी गेला. आता हे सांगायला हवं की दाजीबाला घर होतं, बायको होती, दोन मुलगे होते आणि दोन सुना होत्या. या घरात त्याने तीस वर्षांत एकदाही चुलीपुढे बसून पाहिलं नव्हतं. घरी आला की तो फक्त चव घेई आणि मान हलवी. त्याच्या बायकोचं नाव भागीरथी. ती गोठ्यातून दूध घेऊन येत होती. दोन्ही सुना दळण आणि पोरं सांभाळता सांभाळता मेटाकुटीला आल्या होत्या. दाजीबाने उपरणं खुंटीला टांगलं, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "उद्यासाठी काय भिजत घालू?"

भागीरथीने दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंड होतं. तिने खात्रीसाठी गळ्यालाही हात लावला. ताप नाही असं ठरल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मटकी. आणि झालं की आपल्या दोन्ही पोरांना हाक मारा. त्यांनाही दाखवा मटकी कुठे असते ते."

दाजीबाने हाक मारली. मुलगे आले. मटकीचा डबा कुठे असतो ते त्या घरातल्या तिन्ही पुरुषांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढच्या आठवड्यात वार ठरले, कामं वाटली गेली, आणि त्या घरातल्या बायका प्रथमच सगळ्यांच्या बरोबरीने पंगतीला बसून गरम जेवल्या.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: घरचं जेवण साधं असलं तरी चालतं, पण ते ठरलेलं असावं, वेळेवर असावं आणि त्याला घरातल्या सगळ्यांचे हात लागलेले असावेत.