हळदीच्या पंजांची भिंत

फार फार पूर्वीची, तुमच्या-माझ्या पणज्यांनीही कुणाकडून तरी ऐकलेली ही गोष्ट. एका राज्यात एक राजवैद्य होता. हळद उकळून, आटवून त्याने तापावर सोनेरी अर्क काढला होता. तिथली रीत अशी, की अर्क घेऊन जो बरा होई, त्याने हळदीत हात बुडवून वैद्याच्या भिंतीवर पंजा उमटवायचा. बघता बघता भिंत पिवळीधमक झाली. ती पाहून वैद्याची छाती फुगायची. फुगणारच, माणूसच तो!

एके वर्षी तापाची साथ आली. राजा उतावळा, पी हळद अन् हो गोरी अशातला. त्याने लेखी हुकूम काढला, उद्यापासून राज्यात बाकी औषधं बंद, फक्त हा अर्क.

नेमकी तेव्हाच वैद्याची माहेरी आलेली लेक तापाने फणफणली. वैद्याने अर्क पाजला, पुन्हा पाजला. ताप उतरेना.

"अहो, तुमचा तो जुना कडू काढा तरी द्या," बायको रडकुंडीला आली.

"भिंत बघ की! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

लेकीने कसेबसे डोळे उघडले. "बाबा, शेजारच्या काकूंनीही अर्कच घेतला होता ना? त्यांचा पंजा कुठाय?"

"त्या गेल्या, पोरी."

"मग... गेलेली माणसं पंजा कसा उमटवतील?"

वैद्य चरकला. एवढी साधी गोष्ट, आणि जन्मात कधी मनात आली नव्हती! बायकोला काढा उकळायला सांगून तो अनवाणीच गावात धावला.

पहिल्याच आळीत घरोघर रडारड. अर्क सगळ्यांनी घेतला होता. पुढे कुंभारवाडा लागला. तिथे अर्काचा थेंबही पोचला नव्हता, तरी बरीच माणसं खडखडीत बरी होऊन चाकावर बसली होती. वैद्याच्या पायांखालची जमीन सरकली. अरे देवा, मग आपण इतकी वर्षं पाहिलं तरी काय?

तो धापा टाकत घरी आला. लेकीला काढा पाजला. पण फार उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी वैद्य दरबारात उभा राहिला.

"महाराज, हुकूम मागे घ्या. हळद वाईट नाही, खुशाल भाजीत घाला. पण तिने ताप जातो की नाही, हे मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं वाटत होतं, त्यात माझी लेक गेली."

राजाने हुकूम फाडला.

लहानांनो, थोरांनो, एवढं गाठीला बांधा: बरे झालेले आपण होऊन सांगायला येतात, जे आले नाहीत त्यांच्या दारी जो जातो, त्यालाच खरं कळतं.