करंगळीएवढी फट

"पण फट ठेवायचीच कशाला, चाचा?"

तनुजा लोहारने हातातली फळी खाली ठेवली नाही. समोर साठ वर्षं जुनं पिकअप उभं होतं. हौद्याचा कुजलेला तळ उखडून काढला होता. आता तिथे सागाच्या नऊ फळ्या बसवायच्या होत्या.

दस्तगीर मिस्त्री मिरजेत चाळीस वर्षं गाड्यांचे हौदे बांधत होते. तनुजा त्यांच्या हाताखाली दोन वर्षं शिकत होती.

मिस्त्रींनी करंगळी पुढे केली.

"एवढी. दर दोन फळ्यांत."

"मी नाही ठेवणार."

कारखान्यातले रंधे थांबले. मिस्त्रींना असं कुणी बोलत नसे.

"बिरू हाके या गाडीतून शेळ्या नेतात," तनुजा म्हणाली. "गेल्या साली एका करडाचा पाय फटीत अडकून मोडला. याच गाडीत, तुम्ही बांधलेल्या हौद्यात. मी बघितलंय ते करडू. ... कागदसुद्धा जाणार नाही अशा बसवते फळ्या."

"बसव."

दोन दिवसांत तिने फळ्या बसवल्या. खरंच कागद जात नव्हता.

मिस्त्रींनी नळी आणली, हौदाभर पाणी मारलं आणि वर ओली पोती पसरली. चार दिवस ती ओलीच ठेवली.

पाचव्या दिवशी पोती उचलली. मधल्या दोन फळ्या बोल्ट उपटून वर आल्या होत्या. एक उभी चिरली होती.

तनुजाचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत.

"आता करंगळी?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही."

"अजून नाही?"

"फळीला जागा लागते, हे पटलं. पण ती तुमच्या करंगळीएवढीच लागते, हे कुणी ठरवलं?"

मिस्त्री ओली पोती गोळा करू लागले.

तिने पहार घेतली आणि स्वतःच्या हाताने नऊच्या नऊ फळ्या उखडल्या. त्याच सागाचा एक तुकडा पाण्याच्या टाकीत बुडवला. रोज सकाळ-संध्याकाळ तो बाहेर काढून मोजायची. बाकीचे कारागीर हसत. ती मोजत राहिली.

आठव्या दिवशी तुकडा फुगायचा थांबला.

फळ्या पूर्ण वाळल्यावर तिने चिरलेली बदलली आणि हौदा पुन्हा बांधला. या वेळी नळी तिनेच सोडली, ओली पोतीही तिनेच पसरली.

आठ दिवसांनी फळ्या फुगून एकमेकींना जेमतेम टेकल्या होत्या. एकही उचलली नव्हती.

हौदा वाळला तेव्हा बिरू हाके आले. त्यांनी दहा दिवसांचं करडू आत सोडलं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत सुटलं. खूर कुठेच अडकला नाही.

मिस्त्रींनी चष्मा लावला. एकेका फटीवरून नख फिरवलं.

"किती ठेवलीस?"

"तीन मिलिमीटर. साग त्याहून जास्त फुगत नाही. करंगळीचं माप बाभळीचं असणार, ती जास्त फुगते."

"बाभळीचंच. माझ्या उस्तादांनी दिलेलं... म्हणजे इतकी वर्षं मी..."

"चुकत होतात, चाचा."

कारागिरांनी माना खाली घातल्या. तनुजाने घातली नाही.

मिस्त्रींनी चष्मा काढला आणि हौद्याच्या कडेला हात टेकला.

मग म्हणाले, "पहिल्याच दिवशी तू माझं ऐकलं असतंस, पोरी, तर मला हे सांगितलं कुणी असतं?"