पन्नास मीटर

नगरपालिकेने तांबट गल्लीत घरटी पाण्याचा नवा मीटर बसवला, नगराध्यक्ष नानासाहेबांनी थाटात फीत कापली, आणि त्या दिवसापासून नळाला पाणी म्हणून आलं नाही. दोन महिने वाट पाहून कौतिकबाई वैतागल्या आणि रिकामा हंडा कमरेवर घेऊन थेट नानासाहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या.

नानासाहेब जावयाने दुबईहून आणलेलं घड्याळ चार नगरसेवकांना दाखवण्यात गुंग होते. हंड्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"आपटा, तुडवा, काचेवर ओरखडा उठायचा नाही," ते मनगट नाचवत म्हणाले. "आणि पाण्याचं विचाराल, तर पन्नास मीटर! एक थेंब आत जायचा नाही. असा माल आपल्या गावात कुणी पाहिला असेल तर पुढे या. मागाल ते देतो!"

नगरसेवकांनी माना डोलावल्या. कौतिकबाईंनी हंडा टेबलावर दाणकन आदळला.

"मी पाहिलाय की!"

"तुम्ही?" नानासाहेबांना हसू आवरेना. "कुठे पाहिलात, बाई?"

"आमच्याच गल्लीत. तुम्हीच तर बसवलात! पन्नास घरं, पन्नास मीटर. दोन महिने झाले, एक थेंब आत गेलेला नाही."

नगरसेवकांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडाला रुमाल लावले. नानासाहेबांनी घड्याळ हळूच बाहीत सरकवलं.

"लपवू नका, नानासाहेब," कौतिकबाई म्हणाल्या. "मागाल ते देतो म्हणालात ना? मग पाणी किती वाजता सोडता, ते त्याच घड्याळात बघून सांगा."