तोमोशिदानीच्या नदीकाठचे दिवे

जपानच्या डोंगराळ भागात तोमोशिदानी नावाचं एक गाव आहे. नोव्हेंबरात तिथल्या मेपलची पानं लालभडक झाली, की दहा दिवस संध्याकाळी नदीचा काठ दिव्यांनी उजळतो. अलीकडच्या काठाने ओळीत एकशे सदतीस कागदी कंदील उभे असतात आणि ते पाहायला लांबलांबून बसगाड्या भरून माणसं येतात.

नवख्या माणसाची इथे थोडी निराशाच होते. इतर ठिकाणी आकडे उलटे मोजतात, कुणीतरी बटण दाबतं आणि झाडं, पाणी, डोंगर सगळं एकदम झळाळून उठतं. तोमोशिदानीत तसं होत नाही. दिवस मावळला की एका घरातून एक बाई येते, आपल्या कंदिलापाशी वाकते, दिवा लावते आणि घरात जाते. मग चार घरं सोडून एक म्हातारा येतो. शाळेच्या गणवेशातली एखादी मुलगी येते. सगळा काठ उजळायला पाऊण तास लागतो.

आम्ही गेलो त्या संध्याकाळी आमच्यातल्या एकाने विचारलंच, "सगळ्यांना मिळून एकच बटण का नाही बसवत?"

गाव दाखवायला आमच्याबरोबर कुवाबारा आजोबा होते. गावच्या पोस्टातून निवृत्त झालेले, पाठीत किंचित वाकलेले. प्रश्न त्यांना नवा नसावा. त्यांनी आम्हाला काठावरच्या बाकांवर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. आमची दुभाषी एकेक वाक्य मराठीत सांगत गेली.

किती पिढ्यांपूर्वीचं हे, ते आजोबांनाही ठाऊक नाही. तेव्हा नदीवर पूल नव्हता. गावातली माणसं पलीकडच्या रानात लाकडं जाळून कोळसा पाडायला जात आणि अंधार पडता पडता उतारावरून, म्हणजे नदीतल्या उथळ वाटेने, पाणी ओलांडून परत येत. उतार अरुंद होता, दोन्ही अंगांना खोल डोह. अलीकडच्या काठावर एका दगडी खांबावर दिवा असे. त्यावर नजर ठेवून सरळ चालत आलं, की पाऊल चुकत नसे. हा दिवा लावायचं काम यासाकु नावाच्या माणसाकडे होतं. आधी त्याच्या बापाकडे होतं. तेवीस वर्षांत यासाकुची एक संध्याकाळ चुकली नव्हती, असं सांगतात.

एका वर्षी, असेच मेपल लाल झालेले असताना, त्याची बायको फुमी बाळंतपणात अडली. दोन दिवस झाले तरी सुटका होईना. गावची सुईण ओताने तिच्यापाशी होती. ओताने विधवा होती. किचिझो हा तिचा एकुलता एक मुलगा, आणि तोही कोळसा पाडायला पलीकडे गेलेला.

दिवस मावळला तसा यासाकु उठला.

"कुठे निघालास?" ओतानेने विचारलं.

"दिव्याची वेळ झाली."

"हिला पाठीमागून घट्ट धर. आता हात सोडलास तर दोन्ही जीव जातील. दिवा थोडा थांबेल, हे थांबणार नाही."

यासाकु थांबला. मुलगी झाली, रडली, फुमीनेही डोळे उघडले. तोवर बाहेर काळोख झाला होता आणि नदीवर धुकं उतरलं होतं. तेलाचं भांडं घेऊन तो धावत काठावर गेला आणि त्याने दिवा लावला. पण त्याआधीच तिघे पाण्यात उतरले होते. सकाळी ते खालच्या डोहात सापडले. त्यांतला एक किचिझो होता.

गाव मुखियाच्या अंगणात जमलं. यासाकुला विचारलं, दिवा का लागला नाही? तो एवढंच म्हणाला, "दिवा लावायचं काम माझं होतं." घरात बाळंतीण अडली होती हे गावाला माहीत होतंच. पण तो निघाला होता आणि त्याला कुणी थांबवलं, हे त्याने सांगितलं नाही. सातव्या दिवशी बाळाचं नाव ठेवायचं आणि त्याच दिवशी बायकोमुलीसह दरी सोडायची, असा निवाडा झाला. घाटात बर्फ पडायला लागलं होतं. ओल्या बाळंतिणीला घेऊन घाट चढायचा म्हणजे काय, ते न्याय देणाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही.

इथे कुवाबारा आजोबा थांबले. मग म्हणाले, "ओताने सहा दिवस गप्प होती. आम्ही हे झाकून सांगत नाही."

लोक तिच्या दारी येत, भात आणून देत, यासाकुला शिव्या देत. ती मान खाली घालून ऐकत असे. तोंड उघडलं, तर आपल्याच शब्दाने आपला मुलगा गेला हे सगळ्यांसमोर म्हणावं लागणार होतं. आणि बाकीच्या दोघांच्या आयांना तोंड दाखवावं लागणार होतं.

सातव्या दिवशी बाळाला न्हाऊ घालायला सुईणच लागते. ओताने गेली. यासाकु कोपऱ्यात गाठोडं बांधत होता. तिने मुलीच्या अंगावर कोमट पाणी घालता घालता विचारलं, "सभेत माझं नाव का नाही घेतलंस?"

तो गाठ मारत राहिला. मग म्हणाला, "आई, तुम्ही माझी दोन माणसं वाचवलीत. त्याच वेळी तुमचं माणूस गेलं. त्यावर आणखी काय लादू तुमच्यावर?"

ओतानेने मुलीला पुसलं, कपड्यात गुंडाळलं आणि तिला छातीशी धरून ती तडक मुखियाच्या अंगणात गेली, म्हणे. गाव तिथे जमलेलंच होतं, यासाकुला वाटेला लावायला. तिने सगळं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, दुःखाने बाईचं डोकं फिरलंय. ती म्हणाली, "फिरलेलं नाही. तो निघाला होता. मी थांबवलं."

मुखियाने विचारलं, "मग शिक्षा कुणाला करायची? तुला?"

"करा. पण आधी एक सांगा. त्या संध्याकाळी उतारावर दिवा नाही, हे कुणाकुणाला दिसलं होतं?"

मग गिरणीवाला तोबेई पुढे आला. "मला दिसलं होतं. वाटलं, येईल यासाकु." मागून एक विणकरीण म्हणाली, "मी खिडकी लावून घेत होते. मलाही दिसलं." मग आणखी एक. मुखियाच्या ओसरीवरून तर उतार सरळ समोर दिसत असे. त्याने हातातली काठी खाली ठेवली आणि म्हणाला, "मलाही."

यासाकुला कुणी घालवलं नाही. त्याच संध्याकाळी प्रत्येक घरातून एक दिवा काठावर आला आणि गावाने नदीसमोर शब्द दिला, की यापुढे उतारावरचा उजेड एका माणसावर सोपवायचा नाही.

सगळं काही मिटलं असं नाही. बुडालेल्यांपैकी एकाची आई शेवटपर्यंत ओतानेशी बोलली नाही. पण तिचा दिवा रोज ओतानेच्या दिव्याशेजारी असे, असं सांगतात. ओतानेने पुढेही कित्येक वर्षं गावातली बाळंतपणं केली. त्या मुलीचं नाव तिनेच ठेवलं, ते मात्र आता कुणाला आठवत नाही.

पुढे पूल झाला. कोळसा पाडणं बंद पडलं. तेलाच्या जागी विजेचे दिवे आले, आणि पाहुण्यांसाठी दहा दिवस ठरले. पण आजही तिथे एक नियम आहे. कुणाचा दिवा लागला नाही, तर शेजाऱ्याने तो परस्पर लावायचा नाही. आधी त्या घराचं दार वाजवायचं.

गेल्या वर्षी शिनोहारा नावाच्या एकट्या राहणाऱ्या बाईंचा दिवा लागला नव्हता. शेजारणीने दार वाजवलं, हाका मारल्या, शेवटी मागच्या दाराने ती आत गेली. बाई न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. काठावर पाहुणे फोटो काढत होते, त्यांच्यामधून वाट काढत हॉस्पिटलची गाडी आली आणि बाईंना घेऊन गेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत शेजारीण रस्त्यावर उभी होती. मग ती काठावर आली आणि खाली वाकून तिने त्यांचा दिवा लावला.